अकरावा परिच्छेद

तो गुरुवार होता. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आमच्या घरी उशिरा उठणं, पाहुणे आणि बाजार हे सगळं लहानपणापासून गुरुवारीच. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, माझी सुट्टी रविवारची. त्या गुरुवारी मी मुद्दाम रजा टाकली होती. पुढच्या मंगळवारी अण्णांची उलटतपासणी होती आणि त्यांना सराव हवा होता.

"तू त्यांचा वकील हो," अण्णा म्हणाले. हॉलमधल्या पंख्याखाली प्लास्टिकचं स्टूल ओढून ते त्यावर ताठ बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, खाली मात्र घरातली लुंगी.

"पूर्ण नाव सांगा."

"बबन ज्ञानोबा मासाळ. राहणार दिघी."

"वय?"

"एकोणसाठ. कागदावर अठ्ठावन्न."

"अण्णा, कागदावरचंच सांगा."

"मग खरं सांगायची शपथ कशाला घ्यायला लावतेत?"

आई जमिनीवर बसून गवार मोडत होती. "लग्नात आमच्या वडलांना सव्वीस सांगितलं होतं, सोयरिकीला चोवीस. ह्यांचं वय आजवर ठरलं न्हाई," ती म्हणाली. "आणि वकीलबाई, साक्षीदाराला म्हणावं, लुंगी नीट कर."

"काम काय करता?" मी पुढचा प्रश्न वाचला.

"मापं घेतो."

"क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणा, अण्णा."

"तेच की. माप बरोबर आलं तर माल बाहेर, न्हाई तर लाल पेटीत. ह्याला इन्स्पेक्टर कशाला पाहिजे?"

असे सहा प्रश्न झाले. सातवा आमच्याच वकिलांनी, विजयश्री मॅडमनी, लाल शाईनं लिहून दिला होता. मी तो वाचला. "कंपनीची नोटीस तुम्ही वाचली होती का?"

अण्णांचा चेहरा उजळला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना मनापासून आवडायचं. "साहेब, नोटीस इंग्रजीत होती. माझ्या मुलीनं मला वाचून दाखवली. अक्षर न् अक्षर. लायब्रीत असते ती, पाच हजार पुस्तकं तिच्या हाताखाली हायत."

"सोळा हजार," आई म्हणाली.

मी कागदाची घडी घातली. "अण्णा, या उत्तरात थोडं कमी बोला."

"का? खोटं हाय का ते?"

"नाही," मी म्हणाले. "चहा टाकते."

ते खोटं होतं. त्या घरात हे फक्त मला माहीत होतं, निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

*

अण्णा एकतीस वर्षं एकाच शॉपमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, होते. कुरुळी फाट्याजवळ मीरासाहेब शिकलगारांचं ते शॉप, बावीस माणसांचं. मीरासाहेबांना मी चाचा म्हणते. परांड्याहून आलेल्या अण्णांना त्यांनी पहिल्याच दिवशी मायक्रोमीटर हातात दिला होता, आणि तो पुन्हा कधी मागितला नाही. शॉपमध्ये गाड्यांच्या ब्रेकच्या पेडलमध्ये बसणारे बुश बनायचे. अंगठ्याएवढा पोलादी नळीचा तुकडा, पण आतल्या व्यासात केसाइतका फरक पडला तरी अण्णा तो सोडायचे नाहीत. प्रत्येक लॉट बाहेर पडण्यापूर्वी ते मापाचं गेज बुशमध्ये घालून आपल्या फोनवर फोटो काढायचे. शेजारी लॉट नंबरची चिठ्ठी, डायलचा काटा स्पष्ट. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीला कागदावरचा रिपोर्ट जायचा. फोटो फक्त अण्णांच्या फोनमध्ये राहायचे. "उद्या कुणी म्हणलं, तर दाखवायला," एवढंच ते म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात कुणीतरी म्हटलं. ज्या कंपनीला बुश जायचे तिनं नोटीस पाठवली, की चार लॉट सदोष होते, खोटे रिपोर्ट लावून पाठवले गेले, आणि त्याची भरपाई शॉपनं करावी. सात पानं, सगळं इंग्रजी. चाचांनी ती अण्णांकडे दिली. "निशिगंधाला वाचायला सांगा, बबनराव. तिच्याएवढं आपल्यात कोण शिकलंय?"

त्या संध्याकाळी मला कॉलेजात पुस्तक प्रदर्शनाची तयारी बघायला जायचं होतं. मी दारात चपला घालूनच नोटीस वाचली. अण्णा समोर उभे होते, हात मागे बांधून, शाळेत उभे राहावेत तसे. मी दहा परिच्छेद एकेक करून मराठीत सांगितले. कोणते लॉट, कोणत्या तारखा, आरोप काय, उत्तर किती दिवसांत द्यायचं. अकरावा परिच्छेद मी वाचला, पण मनात. त्यात लिहिलं होतं की या व्यवहाराशी संबंधित सगळा इलेक्ट्रॉनिक मजकूर, ईमेल, संदेश, छायाचित्रं, मग ती कुणाच्याही आणि कोणत्याही यंत्रावर असोत, जशीच्या तशी जपून ठेवावीत. नष्ट केल्यास त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध काढला जाईल.

"आणि हे शेवटचं?" अण्णांनी बोट ठेवून विचारलं.

"ते नेहमीचंच असतं," मी म्हणाले आणि कागद परत दिले.

असं मी का म्हणाले, याचा मी फार विचार केला आहे. उशीर होत होता हे खरं. पण त्याहून खरं हे की मी शिकलेली होते, आणि कुठलं वाक्य कामाचं, कुठलं पोकळ, हे मला वरवर चाळून कळतं अशी माझी समजूत होती.

*

तीन आठवड्यांनी खंडेनवमी आली.

आमच्या पट्ट्यातल्या शॉपमध्ये खंडेनवमीचं महत्त्व दिवाळीहून जास्त. आदल्या दिवशी एकेक मशीन बंद होतं. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाक्या उपसतात, कातलेल्या लोखंडाचा बर झाडून काढतात, डिझेलच्या फडक्यानं लोखंड आरशासारखं करतात. टेबलाच्या खणांतले जुने जॉबकार्ड रद्दीत जातात. दुसऱ्या दिवशी पूजा. चाचांच्या वडिलांनी घेतलेल्या जुन्या लेथला पहिला हार, आणि तो चाचाच घालतात. नारळ फोडायचा कुणी यावरून दरवर्षी तेच. चाचा म्हणायचे, "बबनराव, तुमचा हात चांगलाय," आणि अण्णा म्हणायचे, "मालक तुम्ही, फुटला नाही तर शिव्या मी का खाऊ?" प्रत्येक जण आपलं हत्यार पूजेला मांडायचा. टर्नर टूल मांडायचा, फिटर पाना. अण्णा गेज मांडायचे आणि शेजारी फोन.

त्यांचा एक नियम होता, की पूजेला मांडायचं ते हत्यार आतून-बाहेरून साफ पाहिजे. घाण घेऊन पूजा होत नाही. म्हणून त्या दुपारी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. "हे पण साफ कर गं. सारखं भरलं भरलं म्हणायलंय."

फोनमध्ये तीन हजार आठशे फोटो होते. लग्नातले, माझ्या आत्याच्या घरच्या गायीचे असे थोडेसे. बाकी सगळे बुश. करडं पोलाद, पांढरा डायल, निळ्या शाईची चिठ्ठी, आणि प्रत्येक फोटोच्या डाव्या कडेला गेज धरलेला अण्णांचा अंगठा.

"अण्णा, हे सगळे लागतात का?"

ते पुसायच्या फडक्यांच्या घड्या घालत होते. "गेलेल्या लॉटचे काय करायचेत? माल गेला, माप गेलं. घरचे तेवढे ठेव."

मला अकरावा परिच्छेद आठवला. हे मी लपवणार नाही. आठवला, आणि मला वाटलं, ते कंपन्यांसाठी असतं. ज्यांच्याकडे सर्व्हर असतात, आयटीवाले असतात. त्यात अण्णांचा तडा गेलेल्या काचेचा फोन कसा येईल? मी एकेक महिना निवडत गेले आणि काढून टाकत गेले. मग फोन विचारतो तो शेवटचा प्रश्न आला, कायमचे काढायचे का. मी हो म्हणाले. नेटचा डेटा संपतो म्हणून त्यांनी दुसरीकडे प्रत ठेवायची सोय कधीच बंद करून ठेवली होती. ओल्या फडक्यानं मी काचही पुसून दिली. अण्णा खूश झाले.

*

फेब्रुवारीत कंपनीनं दावा लावला, तेव्हा कुठे आम्ही वकिलाकडे गेलो. विजयश्री मॅडमचं ऑफिस चिंचवड स्टेशनजवळ, दुसऱ्या मजल्यावर आहे. चाचा, अण्णा आणि मी त्यांच्यासमोर बसलो.

"हा व्यापारी न्यायालयातला दावा आहे," मॅडम म्हणाल्या. "इथं आपल्याजवळ जे जे आहे ते सगळं सुरुवातीलाच उघड करायचं. आपल्या बाजूचं असो की विरुद्ध. फोनमधलं, कॉम्प्युटरमधलं, सगळं. कुठल्या यंत्रावर होतं, कुणाच्या ताब्यात होतं, शपथेवर सांगायचं. आणि जे होतं पण आता नाही, ते का नाही, तेही."

अण्णांनी खिशातून फोन काढून रुमालानं पुसला आणि टेबलावर ठेवला. "मॅडम, ह्यात सगळं हाय. त्या चार लॉटचे तर हायतच. मी फोटो काढल्याबिगर—"

मग ते थांबले. त्यांना आठवलेलं मला दिसलं. चाचांच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं.

"होते," अण्णा म्हणाले. "खंडेनवमीला मीच काढून टाकले."

मी तोंड उघडलं. टेबलाखाली त्यांचा पाय माझ्या पायावर पडला आणि तिथंच राहिला. लग्नाकार्यात मी काही भलतं बोलायला लागले की ते हेच करायचे.

"कधी?"

"ऑक्टोबरात."

"आणि नोटीस मिळाली सप्टेंबरात." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ती तुम्हाला समजली होती?"

"व्हय. हिनं वाचून दाखवली. अक्षर न् अक्षर." अजूनही तोच अभिमान. मला सांभाळायच्या गडबडीत त्यांना वाटलं असावं की निदान हे उत्तर आपल्या बाजूचं आहे.

मॅडमनी सातवं पान उलटलं आणि अकरावा परिच्छेद मराठीत सांगितला. सगळा, हळूहळू. चाचांचं हसू गेलं. "बबनराव, असं काही लिहिलंय हे तुम्हाला माहीत होतं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फोनकडे पाहिलं. ते बोलायच्या आधी बाहेरून एक लोकल गेली आणि टेबलावरची काच थरथरली.

"सांगितलं असंल तिनं," ते म्हणाले. "माझ्याच डोक्यातनं गेलं."

मी शेजारी बसले होते. मला इंग्रजी येतं, मराठी येतं, थोडंफार संस्कृतही येतं. मी काही बोलले नाही.

*

फोन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. तीन हजार आठशेपैकी एकशे चाळीस परत आले, टपालाच्या तिकिटाएवढे. डायल दिसत होता, आकडा दिसत नव्हता. त्या चार लॉटपैकी एकाचाही नव्हता.

कंपनीनं न्यायालयात म्हणणं मांडलं की नोटिशीतून ताकीद मिळाल्यावर तीन आठवड्यांत पुरावा नष्ट केला, तो विरुद्ध जाणारा होता म्हणूनच. त्या अर्जात अण्णांचं नाव नऊ वेळा होतं. 'सदर इन्स्पेक्टरने हेतुपुरस्सर'. तो अर्जही मीच त्यांना वाचून दाखवला. 'हेतुपुरस्सर'पाशी त्यांनी मला थांबवलं. "म्हणजे काय?"

"मुद्दाम."

"मुद्दाम," ते म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांच्या मापाला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. त्यानंतर ते शॉपमध्ये प्रत्येक बुश दोनदा मोजायला लागले. चाचा चिडायचे. "अहो, तुमच्यावर संशय त्यांना आहे, आम्हाला नाही." अण्णा ऐकायचे नाहीत.

या सगळ्या महिन्यांत मी त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी लष्कराच्या भिंतीकडेनं फिरायला जायचे. रोज ठरवायचे की आज सांगू. मग ते कशावर तरी बोलायला लागायचे. मोशीच्या ट्रॅफिकवर, आईच्या गुडघ्यांवर, कॉलेजात मी नवीन काय वाचलं यावर. मी त्यांना पुस्तकांच्या गोष्टी सांगायचे. ते सगळं नीट ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुला बरं सगळं वाचायला जमतं."

*

त्या सरावाच्या गुरुवारनंतरचा शुक्रवार. अण्णा साडेसहाला गाडी काढून गेले. मी झोपेत होते. गाडीचा आवाज ऐकला एवढंच.

अकराला चाचांचा फोन आला. ते नुसते "बेटा" म्हणाले. मागं शॉपचा आवाज नव्हता. मी त्या शॉपमधून आलेला प्रत्येक फोन मशीनच्या घरघरीतून ऐकला होता. शांतता ऐकली आणि मला कळलं.

ते तपासणीच्या टेबलाशी बसले होते. डोकं पुढं झुकलेलं होतं, डायल बघताना झुकतं तसं. म्हणून दहा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही.

हॉस्पिटलनं त्यांचे कपडे पिशवीत घालून दिले. शर्टाच्या खिशात सरावाच्या प्रश्नांचा तो कागद होता. उत्तरं त्यांनी आपल्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिली होती. सातव्या प्रश्नापुढं 'मुलीने वाचून दाखवली, अक्षर न अक्षर' असं होतं, आणि ते खोडलेलं होतं. खाली नव्यानं लिहिलं होतं, 'नोटीस मला नीट समजली नव्हती. मुलीचा काही संबंध नाही.'

मी चहा टाकायला आत गेले होते, तेवढ्यात त्यांनी ते खोडलं असेल. किंवा रात्रीतून. किंवा सकाळी निघताना, मी झोपले असताना. आईला विचारलं तर ती म्हणाली, पेन्सिल मागितली होती. कशाला ते सांगितलं नाही.

*

दोन महिन्यांनी चाचा घरी आले, गुरुवारीच. आईनं ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही. बॅगेतून एक कागद काढला आणि तो मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

"बेटा, बबनरावांचं शपथपत्र आता धरत नाहीत. उलटतपासणी झाली नाही ना. म्हणून मॅडमनी दुसरा मार्ग सांगितलाय. मार्ग म्हणजे... तू वाच. वाचून तू नको म्हणालीस तर मी सही करणार नाही."

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लिहिलं होतं की मयत कर्मचाऱ्यानं मालकाला न विचारता, स्वतःच्या मर्जीनं फोटो नष्ट केले; मालकाला त्याची कल्पना नव्हती.

"गेलेल्या माणसाला काय," चाचा म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ते ऐकवलं नाही. "बावीस घरं आहेत गं माझ्या मागं. मला दुसरं सुचेना."

"चाचा, फोटो मी काढले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर आईकडे. आई समोरच्या गवारीच्या टोपलीत बघत होती.

"अण्णांनी सांगितलं, फोन साफ कर. हात माझा होता. मॅडमसमोर त्यांनी स्वतःवर घेतलं."

"या माणसानं," चाचा म्हणाले, "मला सुद्धा सांगितलं नाही." मग तो कागद त्यांनी चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात घातला. "तू कोर्टात येणार?"

"येते."

ते गेल्यावर आई म्हणाली, "मला माहीत होतं. तूच पुसून दिलेला ना फोन." मग गवारीच्या टोपलीकडं बघत म्हणाली, "त्यांना तू वाचून दाखवायचीस, त्याचं फार कौतुक होतं गं त्यांना. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे."

तेव्हाही मी फक्त अर्धं सांगितलं होतं. माझं शपथपत्र चार पानांचं झालं. खंडेनवमी, फोन, तीन हजार आठशे, सगळं त्यात होतं. नोटिशीबद्दल एकच वाक्य होतं, 'सदर नोटीस मी वडिलांना वाचून दाखवली होती.' मॅडमनी ते आधीच्या बोलण्यावरून लिहिलं होतं. मी त्याखाली सही केली.

"नोटिशीचं विचारतील," मॅडम म्हणाल्या. "जेवढं विचारतील तेवढ्यालाच हो किंवा नाही. जास्त बोलू नका. वडिलांनी मुद्दाम केलं असं म्हणाले, तर 'नाही' म्हणायचं. पुढचं मी बघते."

*

साक्ष नोंदवायला न्यायालयानं एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते. चिंचवडमध्ये त्यांच्या ऑफिसात बसायचं होतं. लांब टेबल, एका टोकाला जबाब इंग्रजीत टाइप करणारी मुलगी, भिंतीशी खुर्च्या. चाचा आणि आई त्या खुर्च्यांवर. आईनं डबा आणला होता. किती वेळ लागेल कुणास ठाऊक, म्हणाली.

कंपनीचे वकील माझ्याच वयाचे होते आणि सभ्यपणे बोलत होते.

"आपण ग्रंथपाल आहात."

"हो."

"म्हणजे कागदपत्रं, नोंदी, जुनं साहित्य जपून ठेवणं हेच आपलं काम."

"हो."

"इंग्रजी उत्तम येतं."

"येतं."

"वडिलांना फारसं येत नव्हतं. म्हणून ही नोटीस आपण त्यांना वाचून दाखवली. असं आपण शपथेवर म्हटलंय."

"हो."

"आणि शॉपनं सुरुवातीला जे निवेदन दिलं, त्यात वडील म्हणतात, 'मुलीने अक्षर न अक्षर वाचून दाखवली.'" त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. खाली अण्णांची सही होती, मोठी, सरळ, प्रत्येक अक्षर सुटं. "ही त्यांचीच सही ना?"

"हो."

"तर मग माझं म्हणणं असं आहे," ते निवृत्त न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "की बबन मासाळ यांना परिच्छेद अकरा पूर्णपणे माहीत होता. फोटो ठेवायचे आहेत हे माहीत होतं. आणि तरीही, आपल्या हातानं केलं तर पकडले जाऊ, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या मुलीच्या हातून नष्ट करून घेतले." मग माझ्याकडे. "हे खरं आहे?"

टाइप करणाऱ्या मुलीची बोटं चालत होती. ती थांबली. मॅडमनी माझ्याकडे पाहून मान अगदी थोडी हलवली. नुसतं नाही म्हणायचं होतं.

"हो किंवा नाही सांगा, ताई," निवृत्त न्यायाधीश म्हणाले.

"नाही."

"ठीक. पुढचा प्रश्न."

"मला अजून सांगायचं आहे."

मॅडमनी डोळे मिटले. समोरचे वकील म्हणाले, "साक्षीदारानं उत्तर दिलेलं आहे." न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले. "सांगा. पण सावकाश. हे टाइप व्हायचंय."

"इंग्रजीत नको," मी म्हणाले. "मी बोलते तसंच घ्या."

त्यांनी मुलीला खूण केली. मी टेबलाच्या कडेला हात ठेवला. भिंतीशी आई पुढं सरकून बसलेली मला दिसत होती. ती काय ऐकणार आहे हे तिला माहीत नव्हतं.

"त्यांना परिच्छेद अकरा माहीत नव्हता. मी त्यांना तो वाचून दाखवला नाही. दहा सांगितले. अकरावा मी स्वतः वाचला, मला तो नीट समजला, आणि तो सांगण्यासारखा नाही असं मी ठरवलं. त्यांनी बोट ठेवून विचारलं होतं. मी म्हणाले, नेहमीचंच असतं."

मुलगी टाइप करत होती. तिच्यासाठी मी थांबले.

"फोटो काढताना मला तो आठवला होता. तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही. वकिलांच्या ऑफिसात ते म्हणाले, माझ्याच डोक्यातनं गेलं. ते खोटं होतं. त्यांच्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. मी शेजारी बसले होते आणि त्यांना ते बोलू दिलं. नंतर दहा महिने ते जिवंत होते. रोज संध्याकाळी बरोबर असायचे."

"हे प्रश्नाला धरून नाही," समोरचे वकील म्हणाले. त्यांचा आवाज मघापेक्षा खाली आला होता.

"घ्या," न्यायाधीश मुलीला म्हणाले. "सगळं घ्या."

मला अजून एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्या खोलीतल्या कुणाला नव्हतं. कुणाकडे बघून बोलावं हे मला कळेना, म्हणून मी समोरच्या पानावरच्या त्या सहीकडे बघितलं.

"अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं नाही."